पोरीचं वजन, पोराचं पोट

(प्रभाग संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला न आलेल्या गटांसाठी जवळपास जसंच्या तसं देत आहोत.)

नमस्कार ताई, मावश्या, आत्या, आणि मागं दाराजवळ नातवंडं सांभाळत बसलेल्या आज्या.

अध्यक्षा ताईंनी मला विषय दिला होता ‘महिला आणि आरोग्य’. मी एक कागद लिहून आणलाय. लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या, शेवग्याचा पाला, हात धुणे. तुम्ही हे सगळं दहा वेळा ऐकलंय, आणि माझ्याकडूनच ऐकलंय. तो कागद पिशवीतच राहू दे. मला आज एका कर्जाबद्दल बोलायचंय.

गावाचं नाव सांगणार नाही, गटाचंही नाही. त्या ताई इथं बसल्यात का नाहीत तेही विचारू नका. मासिक बैठकीत एका ताईंनी सात हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण काय, तर ‘घरगुती अडचण’. बाई हप्त्याला पक्की, कधी थकबाकी नाही. सगळ्यांनी हात वर केले, सचिवांनी नोंद केली, मी खाली सही केली. आपली रीत काय आहे? कर्ज कशाला पाहिजे ते विचारायचं. बियाणं असेल, शेळी असेल, शिलाई मशीन असेल तर आपण चार प्रश्न विचारतो. शेळीला तर दहा विचारतो, कितीची, कुणाची, गाभण आहे का. ‘घरगुती अडचण’ म्हटलं की आपण गप्प बसतो. मीही बसले.

तीन आठवड्यांनी कळलं की ते पैसे डब्यांत गेले. वजन कमी करायच्या पावडरीचे डबे. ताईंची मुलगी एकोणीस वर्षांची, बी.ए.ला. तिला एक स्थळ आलं होतं. चहा-पोहे झाले, पसंती झाली, आणि जाताना मुलाच्या मावशीनं दारात सांगितलं, “पोरगी चांगली हाय, पर जरा अंगानं हाय. लग्नापोतर धा किलो कमी झाली तर बघा.”

मुलगा कसा होता म्हणून मी ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, “चांगलाय की. खात्यापित्या घरचा हाय.” पोट शर्टाच्या बटणाला रेटत होतं, हे त्यांच्या धाकट्या पोरीनं सांगितलं. तिला मायनं गप्प केलं.

मग त्या मुलीनं सकाळी पावडर, रात्री पावडर आणि दुपारी अर्धी भाकरी सुरू केली. पंधराव्या-सोळाव्या दिवशी एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.8. बाईचं बारा तरी पाहिजे, हे तुम्हाला पाठ आहे. ज्या मुलीला जाड म्हणून नापसंत करायला निघाले होते, तिच्या अंगात रक्तच नव्हतं. आणि हे काही त्या पंधरा दिवसांत झालेलं नाही. इतकं रक्त पंधरा दिवस कमी खाल्ल्यानं उतरत नाही. वर्षानुवर्षं होतं. कुणी बघितलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष कमरेवर होतं.

मी तिची उंची विचारली, वजन विचारलं. उंची 155 सेंटिमीटर, वजन 58 किलो. हा हिशेब तुम्हीही शिकून घ्या, आपल्या व्याजाच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनंच गुणायचं, आणि त्या आकड्यानं वजनाला भागायचं. तिचं उत्तर येतं 24. डॉक्टर लोक साडेअठराच्या खाली गेलं तर कमी वजन म्हणतात. आपल्या भारतीय अंगाला 23 च्या वर गेलं की जरा सांभाळा म्हणतात. म्हणजे सगळ्यात कडक माप लावलं तरी त्या मुलीला तीन किलोसुद्धा जास्त नव्हते. मावशीबाईंनी दहा मागितले होते! भाजीच्या बाजारात तरी असा भाव कुणी पाडत नाही.

मी त्या ताईंना दोष देत नाही, कुणी देऊ नका. स्थळ हातचं जाईल ही भीती काय असते ते मला माहीत आहे, माझ्या आईच्या तोंडावर मी ती बघितली आहे. आणि कर्जाच्या वहीवर सही माझी आहे.

आता जरा आपण बोलतो कसं ते बघू. आपल्या मराठीत वजन हा शब्द वाईट नाही. ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ म्हणतो. ‘वजनदार पुढारी’ म्हणतो. पोट सुटलेल्या पुरुषाला काय म्हणतो? भरदार. सुखवस्तू. अंगापिंडानं मजबूत. लग्नानंतर नवऱ्याचं पोट सुटलं तर ‘बायको चांगलं करून घालती’, म्हणजे तेही कौतुकच. बायकोचं सुटलं तर? म्हैस. पिंप. ढोल. ‘सुटलीय नुसती.’ करून घालणारीही तीच, आणि सुटलेलीही तीच.

बरं, बारीक असलेली सुटते का? तिचीही सुटका नाही. पुरुष बारीक असला तर काटक. बाई बारीक असली तर किडकी, काडी, वाळलेली तुरकाटी. ‘हिला लेकरू कसं व्हायचं.’ ‘सासरी खायला देत न्हाईत का.’ या हॉलमध्ये हात वर करायला सांगितले की आपल्या अंगावरून कुणी कधी काहीच बोललं नाही अशी बाई कोण, तर मला वाटत नाही एकही हात वर येईल. … बघा. पंखा फिरतोय तेवढाच.

(इथे सभेत बराच वेळ हसणे आणि बोलणे चालू होते. – संपादक)

सरकारचा कुटुंब आरोग्य सर्वे असतो. 2019 ते 21 या काळात झालेल्या पाचव्या सर्वेचे महाराष्ट्राचे आकडे मी वहीत उतरवून घेतलेत. आपल्या राज्यात 15 ते 49 वयातल्या शंभर बायकांपैकी साधारण 23 जणींचं वजन जास्त आहे. आणि शंभर पुरुषांपैकी? जवळपास 25. पुन्हा सांगते, पुरुष जास्त. थोडे का होईनात, पण जास्त. तरी पावडरीचा डबा कोणत्या घरात जावयासाठी आलाय ते मला दाखवा.

आणखी एक आकडा. कमी वजनाच्या बायका शंभरात 21 च्या आसपास, पुरुष 16. आणि रक्त कमी असलेल्या बायका शंभरात 54, पुरुष 22. म्हणजे आपल्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं दुखणं रक्ताचं आहे आणि गावात चर्चा चाललीय कंबरेची. रक्त कमी असणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी टोमणा मारत नाही. टोमणा मारला असता तर कदाचित आपण गोळ्या तरी वेळेवर घेतल्या असत्या. हे गमतीनं म्हणाले हं.

बारीक मुलींचंही सांगायला पाहिजे, कारण ते जास्त धोक्याचं आहे. लग्नाआधी ‘अंग भरावं’ म्हणून काही ठिकाणी गोळ्या देतात. चिठ्ठी नाही, नाव नाही, कागदाच्या पुडीत. आठवड्यात गाल वर येतात, भूक लागते, घरचे खूश. त्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, डेक्सामेथासोन नावाचं. ते औषध म्हणून चांगलं आहे, दमेकऱ्याचा जीव वाचवतं, कोरोनात किती लोकांना दिलं. पण डॉक्टरांशिवाय महिनोन्‌महिने घेतलं तर तोंड सुजतं, आणि ते मांस नसतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, साध्या तापालाही अंग तोंड देऊ शकत नाही. आणि एकदम बंद केलं तर आणखी वेगळा धोका. कुणाच्या घरी अशी पुडी चालू असेल तर आज घरी जाऊन फेकून देऊ नका, उद्या पुडी घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना दाखवा. एवढं लक्षात ठेवा.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकतं ते. आपल्या भूम, परांडा, वाशी, कळंबकडून दरवर्षी जोड्या ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देताना बाईकडं कसा बघतो? अंगात बळ आहे का. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढेल का. तिथं कुणी म्हणत नाही, बाई जरा अंगानं आहे. तिथं अंग पाहिजे. दळणाला पाहिजे, घागरीला पाहिजे, बाळंतपणाला पाहिजे, शेणकुटाला पाहिजे. फक्त बोहल्यावर आणि फोटोत नको. आणि उसाच्या फडातून आल्यावर जिची तब्येत बिघडली तिच्याबद्दल तर बोलायचीच सोय नाही. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशवीच्या ऑपरेशनांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, तुम्हाला आठवत असेल. ते फक्त बीडचं दुखणं नाही, इथंही अशा ताई आहेत. पिशवीबरोबर बीजकोश काढले की तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं, हाडं झिजायला लागतात, अंगाची ठेवण बदलते. मग आपण ओट्यावर बसून म्हणतो, “आपरेशन झाल्यापासनं लई सुटली बघ ती.”

‘आपण’ म्हणाले, कारण हे बोलणारे कोण आहेत ते बघितलं पाहिजे. मी महिनाभर वहीत लिहून ठेवलं. मला स्वतःला माझ्या अंगावरून जे जे ऐकावं लागलं ते. एकूण अकरा वेळा. त्यातले आठ शब्द बायकांचे. तुम्हीच. प्रेमानंच म्हणता, ते मला कळतं. “ताई, स्कुटीचा टायर बदलून घ्या बरं.” “ताई, हापिसात बसून बसून असं व्हतंय.” (हापिसात! मी दिवसाला पाच गावं फिरते.) “लगीन जमवायचंय ना, मग भात सोडा.”

माझं सांगायचंच झालं तर सांगते. मी दहावीपासून अशीच आहे. समाजकार्य शिकायला बाहेर गेले, तिथं गॅदरिंगला पथनाट्य होतं. मला भूमिका कुठली, तर सावकाराची. डायलॉग चांगले म्हणते म्हणून नाही. “तुला पोट लावायला लागणार नाही” म्हणून. सगळे हसले, मीही हसले. नाटकाला बक्षीस मिळालं. त्या रात्रीपासून दोन महिने मी मेसमध्ये रात्री जेवले नाही. वजन चार किलो उतरलं, पाळी दोन महिने आली नाही, आणि अभ्यासाला बसलं की अक्षरं हलायची. मुलींच्या पोषणावर प्रकल्प लिहीत होते तेव्हा मी. गावोगाव बायकांना ‘चारी ठाव जेवा’ सांगायचे आणि खोलीवर येऊन पाणी पिऊन झोपायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या एसटी स्टँडवर पडलेल्या मुलीनं मला विचारलं, “ताई, तुम्हाला कुणी न्हाई का म्हणत?” तेव्हा तिला सांगितलं, आणि आज तुम्हाला.

हा दुजाभाव नवा नाही. 1882 साली, आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाण्यातल्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्या सत्यशोधक घरातल्या. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं, की जे जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? एकेक दोष घेऊन त्यांनी दोघांना शेजारी-शेजारी उभं केलंय. त्यांचा विषय वजनाचा नव्हता, विधवांच्या बदनामीपासून तो सुरू झाला. पण रीत तीच. मलाही वाटतं, आपण तेवढंच करावं. बाईला काही म्हणायच्या आधी तोच शब्द शेजारच्या पुरुषाला लावून बघायचा. तोंडातून निघतो का ते बघायचं.

टीव्हीवरची हास्यजत्रा तुम्ही सगळ्या बघता. त्यातल्या वनिता खरात. ‘कबीर सिंग’ सिनेमात कामवाल्या बाईच्या भूमिकेत होत्या. 2021 च्या सुरुवातीला त्यांनी एका कॅलेंडरसाठी फोटो काढून घेतला. अंगावर कपडा नाही, पुढं फक्त पतंग. तो मी इथं दाखवणार नाही, आज्या बसल्यात. लोक त्या वेळी वाट्टेल ते बोलले. तसा फोटो काढावा का नाही, यावर तुमचं माझं मत वेगळं असू शकतं. मला स्वतःला जमणार नाही. पण त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मला माझ्या अंगाची लाज वाटत नाही. हे वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं. सोपं नाही ते, साडी नेसूनसुद्धा.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या सारिका काळे. भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार होत्या, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, 2020 ला अर्जुन पुरस्कार, पुढं शासनात क्रीडा अधिकारी. त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय की जवळपास दहा वर्षं त्यांच्या घरात दिवसाला एकच वेळचं जेवण असायचं. विचार करा, एवढी धावणारी पोरगी आणि एक वेळचं जेवण. धाराशिवच्या पोरीच्या ताटाचा प्रश्न हा असा आहे. घरात नाही म्हणून उपाशी राहिलेल्यांची पोटं भरायची राहिलीत, तोवर घरात असून पोरीला उपाशी ठेवायची नवी पद्धत आपण आणली.

आता कुणीतरी म्हणेल, ताई म्हणतात काहीही खा, कितीही वाढा. तसं मी म्हणत नाही. साखर, बीपी आपल्या गावात घरोघर आलंय, आणि पोटाचा घेर वाढला की दोन्हीचा धोका वाढतो. डॉक्टर बाईसाठी कंबरेचा घेर 80 सेंटिमीटर आणि पुरुषासाठी 90 ही खूण सांगतात. त्याच्या पुढं गेलं तर तपासून घ्या. अचानक वजन वाढलं, पाळी चुकायला लागली, सारखा थकवा, केस गळतात, तर थायरॉइड बघा, पीसीओडी बघा. अचानक वजन उतरलं तरी जा, टीबी असू शकतो, साखर असू शकते. पण हे डॉक्टरांकडं, बंद खोलीत. हळदीकुंकवात नाही.

त्या डब्यांचंही सांगते. तो विकणारी बाई वाईट नाही, ती आपल्यातलीच, तिनंही कुणाकडून तरी उधारीवर डबे घेतलेत आणि खाली चार जणी जोडल्या तरच तिचे पैसे सुटतात. म्हणून ती तुमच्या पोरीला जाड म्हणते. तिचा धंदाच त्यावर आहे. सात हजारांत त्या घरात किती दिवसांचं दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ आणि डाळ आली असती, हे मी सांगत नाही. वहीत हिशेब लिहिणाऱ्या बायका तुम्ही आहात.

त्या ताईंच्या गटानं पुढच्या बैठकीत काय केलं ते सांगून थांबते. कर्ज माफ केलं नाही. तसं ताईंनी मागितलंही नाही. हप्ता मात्र निम्मा करून मुदत वाढवून दिली, आणि न उघडलेले दोन डबे विकणारीला परत दिले. तिनं एकाचे पैसे दिले, दुसऱ्यावरून अजून भांडण चालू आहे. मुलीला लोहाचं औषध चालू झालंय. भाकरी परत पूर्ण. स्थळाचं काय झालं म्हणून सगळ्या विचारतात. मुलीच्या वडिलांनी निरोप पाठवला की पोरगी आहे अशी आहे, पटत असेल तर या. अजून उत्तर आलं नाही. ताईंना रात्री झोप लागत नाही, हेही खरं आहे. मी त्यांना ‘सगळं ठीक होईल’ म्हणाले नाही, कारण मला माहीत नाही.

संघाच्या कार्यकारिणीपुढं मी एक मागणी ठेवलीय. ‘घरगुती अडचण’ लिहिलं तरी दोन जणींनी बाजूला घेऊन विचारावं, सगळ्यांसमोर नको. आणि पुढच्या महिन्यापासून मी गटात वजनकाटा आणि टेप घेऊन येणार आहे, सोबत आशाताई रक्त बघायला. ज्यांना काट्यावर चढायचं नाही त्यांनी चढू नये. आकडा मी मोठ्यानं वाचणार नाही, तुमच्या चिठ्ठीवर लिहून तुमच्याच हातात देईन. शेजारणीनं चिठ्ठीत डोकवायचं नाही. हो मावशी, तुम्हाला बघूनच म्हणतेय.

आत्ता येताना एका आत्यानं विचारलं, पुरुषांनाबी बोलवायचं का? बोलवा की. टेप दीड मीटरचा आहे. पुरेल.